सूनबाई मागून येतेय

मित्रांनो, मला पाहून ‘हा अजून चालतो?’ असे विचारणारे बरेच भेटतात. चालतो. उजव्या कडेचा एक पट्टा पिवळट पडला आहे आणि सुरू झाल्यावर जरा वेळ मी झोपेतून उठल्यासारखा धूसर असतो, पण चालतो. मी एक जुना मॉनिटर आहे, संगणकाचा पडदा. माझी उमेदीची सारी वर्षे एका फोटो स्टुडिओत, लग्नाचे फोटो सुधारण्यात गेली. लोक माझ्यात स्वतःचे फोटोतले चेहरे पाहत आणि मी समोरून त्यांचे खरे चेहरे पाहत असे. दोन्ही एकदम दिसण्याचे भाग्य फार थोड्यांच्या वाट्याला येते.

कारखान्यात आम्हा भावंडांना रांगेत उभे करून लाल, हिरवा, निळा असे रंग दाखवायला लावले होते. ज्यांचा रंग चुकला, ते बाजूला गेले. मी पास झालो आणि खोक्यात बसून निघालो. खोके उघडले ते एका चिंचोळ्या खोलीत. खिडकीला जाड पडदा, भिंती मुद्दाम राखाडी रंगवलेल्या. दुसऱ्या कुठल्या रंगाची झाक माझ्यावर पडू नये, एवढी माझी बडदास्त! समोर खुर्चीवर एक बाई बसली होती. केस पेन्सिलीने वर खोचलेले, चष्मा नाकाच्या टोकाला. तिने माझ्यावरची प्लास्टिकची झिल्ली सोलली आणि म्हणाली, “ये रे बाबा. आता तू खरं बोलायचं. रंग जसा आहे तसा दाखवायचा.”

ती ताई. तिचा थोरला भाऊ, दादा, लग्नांमध्ये जाऊन फोटो काढायचा आणि ताई ते सुधारायची. सगळे तिला ताईच म्हणत, तिच्याहून वयाने मोठे गिऱ्हाईकसुद्धा.

मित्रांनो, तुम्हाला वाटत असेल, फोटो सुधारणे म्हणजे गंमत. प्रत्येक गिऱ्हाईकालाही तसेच वाटे. “एक बटण दाबलं की होतं ना हो?” हे वाक्य मी इतक्या वेळा ऐकले आहे की मला ऐकू येते याचेच वाईट वाटू लागले. ताई हसून म्हणायची, “हो, बटण एकच आहे. फक्त ते हजारदा दाबावं लागतं.”

एका नवरीची आई आली होती. म्हणाली, “मुलगी जरा उजळ करा.” ताईने केली. “अजून जरा.” ताईने अजून केली. आईने फोटो घरी नेले आणि संध्याकाळी फोन केला, “अहो, ही आमची मुलगीच वाटत नाही! भिंतीला चुना लावल्यासारखी दिसतेय.” दुसऱ्या एकाने मोबाईल माझ्या शेजारी धरून तक्रार केली, “इथे कपडे लाल आहेत, माझ्या मोबाईलवर केशरी. तुमचा पडदा बिघडलाय.” त्याच्या मोबाईलच्या काचेला आडव्यातिडव्या भेगा होत्या, पण बिघडलेला मी! त्या दिवशी मला फार लागले. ताईने मऊ फडक्याने मला पुसले आणि पुटपुटली, “मनावर घेऊ नकोस.” मला वाटते, ते ती स्वतःलाच सांगत होती.

सगळ्यात गाजले ते मामांचे डोळे. एका लग्नात नवऱ्याच्या मामांचे डोळे झाडून साऱ्या फोटोंत मिटलेले. घरच्यांनी आग्रह धरला, उघडून द्या. ताईने बराच शोध घेतला, शेवटी मामांसारख्याच दिसणाऱ्या एका गृहस्थांचे डोळे उचलले आणि इतके बेमालूम बसवले की दादानेही पाठ थोपटली. फोटो न्यायला मामी आल्या. माझ्यासमोर बसल्या, पाहिले आणि एकदम किंचाळल्या, “अगं बाई, हे डोळे भाऊजींचे आहेत! हे असे रागाने बघतात, आमचे हे नाही बघत!” ताईने मामांचे मिटलेले डोळे मुकाट्याने परत दिले.

गिऱ्हाईक गेले की ताईची टकळी सुरू व्हायची. “स्वतःचा चेहरा स्वतःला चालत नाही, याला मी काय करू? आरशात बघत नाहीत का ही माणसं?” दादा हसायचा. “तुझं लग्न होऊ दे, मग बघू,” असे तो पूर्वी म्हणायचा. पुढे म्हणेनासा झाला, कारण ताईचे वय उलटून गेले होते. घरची आजारपणे काढण्यात, धाकट्यांची शिक्षणे करण्यात आणि दुसऱ्यांच्या लग्नाचे फोटो सुधारण्यात तिचे स्वतःचे लग्न राहूनच गेले होते. केस पांढरे व्हायला लागले, पेन्सिल मात्र तिथेच खोचलेली.

मग एके दिवशी एक शिंपी आला. त्याला सगळे मास्तर म्हणत. धाकट्या बहिणीचे लग्न लावून दिले होते, त्याचे फोटो बघायला आला. ताई नेहमीप्रमाणे वही सरसावून म्हणाली, “बोला, काय काय काढायचं?”

“काढायचं?” मास्तर गोंधळला. “काही नाही. फक्त तिच्या बाहीची शिलाई इथे उसवलेली दिसतेय. ती तेवढी झाकता आली तर बघा. शिवली मीच होती.”

ताई खो खो हसली. इतक्या वर्षांत मी तिला गिऱ्हाईकासमोर तसे हसताना पाहिले नव्हते. मास्तरही हसला. म्हणाला, “माझ्याकडे पण हेच असतं हो. माप घेऊ देत नाहीत आणि म्हणतात, कंबर बारीक दिसली पाहिजे.” त्या दिवशी दोघे बराच वेळ गिऱ्हाइकांच्या तऱ्हा एकमेकांना सांगत बसले. फोटो माझ्यात उघडे होते, पण दोघांपैकी कोणी माझ्याकडे बघत नव्हते.

वर्षभरात त्यांचे लग्न झाले. अगदी साधे, घरच्या घरी. फोटो अर्थातच दादाने काढले. मास्तरची आई मात्र येऊ शकली नाही. ती लांबच्या गावी राहायची, पाय मोडून अंथरुणाला खिळली होती. तिने सून पाहिलीच नव्हती, नुसती फोनवर ऐकली होती. मास्तर म्हणाला, “आईला मोबाईलवरचं दिसत नाही गं. एक मोठा फोटो छापून पाठवू या. भिंतीवर लावेल.”

मित्रांनो, त्या दिवशी जे झाले ते मी कधी विसरणार नाही. दादाने कॅमेऱ्यातले कार्ड संगणकाला लावले, फोटो उघडले आणि पहिल्यांदाच माझ्या आत ताई होती आणि माझ्या बाहेरही ताई. आतली ताई मास्तरकडे बघून तोंडभर हसत होती. बाहेरचीचा चेहरा खाडकन उतरला.

“दादा, मी अशी दिसते?”

“अशी म्हणजे? छान दिसतेयस की.”

“डोळ्यांखाली बघ काय झालंय! आणि हा गळा?”

तिने फोटो सुधारायचे संगणकाचे पेन उचलले. आधी डोळ्यांखालची काळी वर्तुळे गेली. मग कपाळाच्या रेघा. पांढरे केस काळे झाले. गळा ताणला गेला, गाल वर सरकले. “हनुवटी जरा,” ती स्वतःशीच म्हणाली, “अजून जरा.” अगदी त्या नवरीच्या आईसारखे! मी आपला जसे आहे तसे दाखवत होतो, पण दाखवायला आता जे होते ते खरे नव्हते. मास्तर डोकावला तेव्हा म्हणाला, “आधीचा बरा होता की.” तिने त्याला खोलीबाहेर काढले. दादा म्हणाला, “ताई, हे कोण आहे?” तिने ऐकले न ऐकल्यासारखे केले. फोटो छापला गेला आणि टपालाने गावी गेला.

लग्नसराई ओसरल्यावर ताई आणि मास्तर गावी जाऊन आले. परत आल्या दिवशी ताई स्टुडिओत शिरली ती धप्पकन खुर्चीत बसली. ती हसत होती की रडत होती, मलाही कळेना.

“काय झालं गं?” दादाने विचारले.

“अरे, हे गाडीतून सामान काढत होते, म्हणून मी पुढे झाले. दार वाजवलं. सासूबाई आता काठी घेऊन चालतात, त्यांनीच उघडलं. माझ्याकडे बघितलं, माझ्या मागे बघितलं आणि म्हणाल्या, ‘या, बसा. तुम्ही तिच्या थोरल्या बहीण का? सूनबाई मागून येतेय वाटतं?’”

दादाने तोंडावर हात धरला. “मग तू काय म्हणालीस?”

“काय म्हणणार? माझ्या तोंडून निघून गेलं, ‘हो, येतेय मागून.’”

“अगं देवा!”

“आणि मी पाहुणी म्हणून बसले की रे! त्यांनी मला पाणी दिलं. समोर भिंतीवर तो फोटो. इतक्यात हे पिशव्या घेऊन आत आले. सासूबाईंनी विचारलं, ‘अरे, सून कुठे राहिली?’ हे एकदा माझ्याकडे बघतात, एकदा आईकडे. मला वाटलं, धरणी दुभंगून मला पोटात घेईल तर बरं.”

ताईने चष्मा काढून डोळे पुसले.

“रागावल्या का?”

“नाही रे. रागावल्या असत्या तर परवडलं असतं. यांनी सांगितल्यावर त्यांनी भिंतीवरून फोटो उतरवायला लावला. तो माझ्या तोंडाशेजारी धरला. माझ्या कपाळावरून, डोळ्यांखालून बोट फिरवलं. मग म्हणाल्या, ‘मी रोज फोटोतल्या हिच्याशी बोलत होते गं. पण मनात काळजी होती. कपाळावर एक रेघ नाही, डोळ्यांखाली कधी जागरण नाही. एवढी नाजूक पोर माझ्या मुलाच्या संसारात कशी टिकेल? आता तुला बघितलं आणि जीव भांड्यात पडला.’” ताईने चष्मा परत लावला. “आणि म्हणाल्या, ‘पण आता तुझ्याशी सगळं पहिल्यापासून बोलायला पाहिजे. बस इथे.’”

मग ताईने मला सुरू केले, मूळ फोटो उघडला आणि बराच वेळ नुसता पाहिला. हनुवटीवर डास चावून आलेला लाल टिपका होता, तेवढा तिने काढला. “हा चार दिवसांत जाणारच होता,” ती म्हणाली. “बाकीचं माझ्याबरोबर राहणार आहे.” आणि पेन खाली ठेवले.

त्यानंतर ताईने गिऱ्हाइकांवर चिडणे सोडले असे मी म्हणणार नाही. “शेवटचा बदल” म्हणून पुन्हा पुन्हा येणाऱ्यांवर ती चिडायचीच. पण त्यांच्या माघारी ती त्यांना हसेनाशी झाली. एक मुलगी कपाळावरचा व्रण काढून द्या म्हणाली, तेव्हा ताईने तिला उपदेश केला नाही. फक्त विचारले, “हा कधीचा?” मुलगी म्हणाली, “लहानपणी सायकलवरून पडले होते.” ताईने व्रण काढून दिला आणि पाकिटात व्रणासकटचा फोटोही ठेवला. “दोन्ही तुझेच आहेत,” म्हणाली, “कुठला लावायचा ते तू बघ.” त्या मुलीने कुठला लावला, मला माहीत नाही.

पुढे स्टुडिओत माझ्या दुप्पट रुंद, चकचकीत मॉनिटर आला. मला खाली, कपाटाच्या मागे ठेवले. तारा गुंडाळलेल्या, अंगावर धूळ. कोणीतरी माझ्यावर रिकामी खोकी रचली. मित्रांनो, अंधारात पडून राहणे पडद्याला फार जड जाते. एकदा भंगारवाल्याला बोलावल्याचेही ऐकले आणि मी आशा सोडली. पण तो यायच्या आधी मास्तर आला. “आई आता आमच्याकडेच राहायला आलीय,” तो दादाला म्हणाला, “तिला फोटो मोठ्ठे दाखवणारं काहीतरी हवंय.” आणि मला चादरीत गुंडाळून घरी घेऊन गेला.

आता मी त्यांच्या घरी खिडकीजवळच्या टेबलावर असतो. दुपारी सासूबाई माझ्यासमोर बसतात. बहिणीचे, भाच्यांचे, गावाकडच्या माणसांचे फोटो मी त्यांना मोठे करून दाखवतो. त्या बोट लावून ओळखतात आणि माझ्या काचेवर ठसे उमटतात. ताई ते कोरड्या, मऊ फडक्याने पुसते. मित्रांनो, तुमच्याही घरी माझ्यासारखा कोणी असेल तर एवढे कराच. ओले फडके लावू नका, बोटांनी दाबू नका, आणि जुना झाला म्हणून लगेच अडगळीत टाकू नका. तसेच कोणाचा फोटो सुधारायला बसलात तर त्या माणसाला आधी एकदा नीट पाहून घ्या.

काल दुपारची गोष्ट. सासूबाई फोटो बघता बघता मध्येच थांबल्या. त्यांच्या मागे ताई कपड्यांच्या घड्या घालत काहीतरी गुणगुणत होती. सासूबाईंनी काठी टेकली, खुर्ची खरडत खरडत फिरवली आणि माझ्याकडे पाठ करून तिच्याकडे तोंड केले.

“हां, आता बोल,” त्या म्हणाल्या. “आज काय काय झालं?”

मी तसाच सुरू होतो. माझे काही म्हणणे नव्हते.