मधल्या खुर्चीवरचा रुमाल

मित्रांनो, मार्केट यार्डात आप्पासाहेबांच्या कांदा-बटाट्याच्या गाळ्यावर कधी गेलात, तर आत वजनकाट्याशेजारी निळ्या रंगाच्या तीन जोडखुर्च्या दिसतील. त्यातली मधली, जिचे कापड फाटून स्पंज बाहेर आला आहे, ती मी. आज माझ्यावर हमाल टेकतात, व्यापारी तंबाखू मळतात आणि आप्पासाहेबांचे मांजर अंग चाटत बसते. पण मी विमानातली खुर्ची आहे आणि चौदा वर्षे ढगांच्या वर बसून काढली आहेत, हे मी सांगितले नाही तर तुम्हाला कोण सांगणार? आप्पासाहेब सांगतात, पण ते आपल्या कांद्याबद्दलही बरेच काही सांगतात.

माझा जन्म परदेशातल्या एका कारखान्यात झाला. तिथे मला वजने लावून ताणले, आपटले, विस्तवाजवळ धरले आणि मी पास झाले. मग पुण्याच्या विमानात तेविसाव्या रांगेत मला ठोकून बसवले. डावीकडची बहीण खिडकीची, उजवीकडची वाटेकडची आणि मी मधली. माझे नाव तेवीस-बी.

तेव्हा हिंजवडीत काचेच्या इमारती भराभर उभ्या राहत होत्या आणि ज्यांच्या बापजाद्यांनी विमान फक्त मान वर करून पाहिले होते, ती माणसे गळ्यात ओळखपत्र अडकवून माझ्यावर येऊन बसत होती. बसत होती म्हणजे काय, नाइलाजाने टेकत होती. खिडकीवाल्या बहिणीसाठी लोक भांडत, वाटेकडचीसाठी गयावया करत. मला पाहिले की प्रत्येकाचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा होई. कोणी मला आपणहून मागितल्याचे मला आठवत नाही.

पुढे कंपनीने आवडीची जागा निवडायचे जादा पैसे घ्यायला सुरुवात केली आणि गंमत सुरू झाली. जे पैसे देत नसत त्यांना उरलेसुरले मिळे. आई पाचव्या रांगेत, बाप एकोणिसाव्या आणि रडणारे पोर भलत्याच माणसाच्या शेजारी. "जरा तिकडे बसता का हो?" म्हणत बाया वाटेत उभ्या राहत आणि लोक डोळे मिटून झोपेचे सोंग घेत. खरे सांगते मित्रांनो, मला मजा वाटे. मला कोणी मागत नव्हते ना? मग बसा आता रडत.

अशीच एका सकाळी नागपूरच्या विमानात गोदाबाई आली.

सत्तरीची, गुडघे दुखणारी, मूळची पुसदकडची बाई. पुण्यात मुलाकडे राहत होती. तिच्यासाठी चाकाची खुर्ची मागवली होती, म्हणून तिला सगळ्यांच्या आधी आत आणले. मदतनीस तिला माझ्यापाशी सोडून गेला. गोदाबाईने मागेपुढे पाहिले. अख्खे विमान रिकामे! एवढ्या रिकाम्या जागा तिने आयुष्यात पाहिल्या नसाव्यात. तिचे डोळे चमकले आणि तिने झटक्यात कमरेचा रुमाल काढला.

पांढरा, निळ्या काठाचा, पुरुषी रुमाल होता तो. कोपऱ्यात लाल दोऱ्याने 'उ' भरलेला. तिच्या नवऱ्याचा, उत्तरेश्वरांचा. एसटी फलाटावर लागायच्या आत खिडकीतून हा रुमाल टाकून तिने तीस वर्षे साऱ्या घरादारासाठी जागा धरल्या होत्या. तिने तो माझ्या खिडकीवाल्या बहिणीवर पसरला. वाटेकडच्या बहिणीवर पाण्याची बाटली ठेवली. वाटेपलीकडच्या खुर्चीवर, थोडा विचार करून, एक चप्पल. मग माझ्यावर ऐसपैस बसली आणि दाराकडे बघू लागली. मला हसू आवरेना. इथे छापील कागदावर जागा मिळते आणि ही बाई चप्पल ठेवून विमान अडवते आहे!

पहिले आले तात्याराव. सदाशिव पेठेतले निवृत्त मास्तर, खिडकीच्या जागेचे मालक.

"बाई, हा रुमाल आपला?" ते म्हणाले. "मी इथे बसायला आलोय. नाक पुसायला नाही."

"जागा धरली हाये मी," गोदाबाई म्हणाली. "माह्या नातीची हाये हे. तुमी मांगं बसा न भाऊ, लय जागा हायेत."

"मागे शौचालय आहे. तिथेही नंबर असतो."

तेवढ्यात वाटेकडच्या जागेचा, रोहन नावाचा तरुण आला, चपलेवाल्या जागेचा मालकही आला. मागे रांग तुंबली. हवाई सुंदरी चेहऱ्यावर हसू तसेच ठेवून "माताजी, माताजी" करू लागली आणि गोदाबाई तिलाच समजावू लागली, की माझा मुलगा येतो आहे, सून येते आहे, नात येते आहे, आम्ही चौघे एका ठिकाणचे.

मुलगा आला. सुदर्शन त्याचे नाव. तो, त्याची बायको उत्कर्षा आणि सहा वर्षांची पूर्वा अकराव्या रांगेत बसत होते. आवाज ऐकून तो मागे आला आणि त्याने आधी चप्पल पाहिली.

"आई, ही एसटी नाहीये!" तो ओरडला. "उचल ते सगळं. लोक बघतायत. लाज आणतेस तू, खरंच."

अर्धे विमान माना वळवून बघत होते. गोदाबाईने वाकून चप्पल उचलली, बाटली उचलली आणि शेवटी रुमाल घेऊन घडी करत बसली.

रोहन भला मुलगा होता. तो म्हणाला, "सर, तुम्ही बसा ना इथे आईंजवळ. मी तुमच्या सीटवर जातो. मला काही फरक पडत नाही."

गोदाबाईने एकदम वर पाहिले. मित्रांनो, माणसाचे वजन मला अचूक कळते. त्या क्षणी ती बाई माझ्यावरून चार बोटे वर उचलली गेली होती.

"नको, थँक्स," सुदर्शन म्हणाला. "राहू दे. आई, कॉम्प्युटरनेच तुला इथे टाकलंय. मी काय करणार?"

"पण वेब चेक-इनला तर आपणच सीट..." रोहन बोलू लागला, पण सुदर्शन केव्हाच पुढे निघून गेला होता. अकराव्या रांगेतल्या तीन लागोपाठ जागा निवडल्याशिवाय कोणाला मिळत नसत, हे मला ठाऊक होते. त्याने तीन निवडल्या होत्या. चौथी त्याने सोडून दिली होती आणि सोडलेले सगळे माझ्याकडे येते.

गोदाबाई परत माझ्यावर टेकली. पट्टा तिला लागेना. तात्यारावांनी तो लावून दिला.

"पोरगा कॉम्प्युटरचाच इंजिनीर हाये," ती त्यांना सांगू लागली. "त्यानं लय पाह्यलं असन, पण त्या कॉम्प्युटरनं आयकलं नसन."

"ऐकतो हो कॉम्प्युटर," तात्याराव म्हणाले. "हल्ली मनातलंसुद्धा ऐकतो."

टोमणा तिच्या डोक्यावरून गेला. तिला आता बोलायला माणूस मिळाले होते. सुदर्शनला इंजिनिअरिंगला घातले तेव्हा पुसदहून गाडीत हाच रुमाल टाकून एक जागा धरली होती. त्या जागेवर पोरगा झोपला आणि ही औरंगाबादपर्यंत दांड्याला धरून उभी राहिली. आता मुलीकडे, शालनकडे, नागपूरला आठ दिवस जायचे आणि परत. पूर्वाच्या शाळेत स्नेहसंमेलन आहे. तिला फुलपाखरू केले आहे आणि तिच्या पंखांना टिकल्या आजीच लावणार आहे.

"आठच दिवस हायेत, पण सुनेनं माहे सारे लुगडे भरून देल्ले. देवाचे टाक बी देल्ले बांधून. लय जीव लावते."

तात्याराव यावर काहीतरी बोलणार होते. पण त्यांनी सरळ खिडकीबाहेर पाहायला सुरुवात केली. नागपूर येईपर्यंत पुण्याच्या त्या माणसाला एकही टोमणा सुचला नाही. माझेही हसू तिथेच आटले.

उतरताना गोदाबाईचा रुमाल सापडेना. तो माझ्या बैठकीच्या आणि पाठीच्या फटीत घसरला होता. तिने खाली पाहिले, पिशवीत पाहिले, तात्यारावांनाही उठवले. तेवढ्यात सुदर्शन आला.

"आई, सगळे खोळंबलेत. दुसरा घेऊन देतो तुला."

"तुह्या बाबाचा व्हता रे."

"आई, चल!"

त्याने तिला दंडाला धरून उठवले. तिच्या मागे हात टाकला असता, तर दोन बोटांवर रुमाल होता. मला तो वर ढकलता येत नव्हता. पण खोटे कशाला बोलू, मी फारशी हळहळलेही नाही. म्हटले, आठ दिवसांनी येणारच आहे की. तोवर मी सांभाळीन. आयुष्यात पहिल्यांदा मी कोणाची तरी वाट पाहायचे ठरवले होते.

तिसऱ्याच दिवशी संध्याकाळच्या विमानात ती मंडळी परत आली. सुदर्शन, उत्कर्षा आणि पूर्वा. पुढच्या रांगा भरल्या असाव्यात, या वेळी त्यांनी तेविसावी रांग निवडली होती, तिघांना तीन. मी दाराकडे बघत राहिले. सगळे प्रवासी आले, दार लागले. चाकाच्या खुर्चीवरून कोणी आले नव्हते.

पूर्वा माझ्यावर बसली. बसल्या बसल्या तिचा रंगीत खडू माझ्या फटीत पडला. तिने हात घालून खडू काढला आणि खडूबरोबर रुमाल आला.

"आजीचा!" ती ओरडली. ती टुणकन खाली उतरली, रुमाल माझ्यावर पसरला, हाताने नीट सारखा केला आणि वाटेत उभी राहिली. "इथे कुणी बसायचं नाही. मी आजीची जागा धरली."

"पूर्वा, बस. विमान निघतंय," उत्कर्षा म्हणाली.

"आजी कुठंय?"

"आजी आता शालनआत्याकडेच राहणार, बेटा. सांगितलं ना तुला? तिथे तिला छान वाटतं."

"पण तिला परत यायचं होतं. माझे पंख राहिलेत." पूर्वाने विचार केला. मग ती बापाकडे वळली. "बाबा, जाताना कॉम्प्युटरने आजीला लांब बसवलं. आता तिला जागाच नाही दिली का?"

सुदर्शनने आधी आपला पट्टा लावला. मग म्हणाला, "हो. नाही मिळाली."

त्याने माझ्यावरचा रुमाल उचलला. त्याचे बोट कोपऱ्यातल्या लाल 'उ'वर आले आणि थांबले. त्याने तो ओळखला. मला वाटले, खिशात घालेल. निदान उराशी धरेल, रडेल, काहीतरी करेल. तेवढ्यात उड्डाणाआधीचा कचरा गोळा करत हवाई सुंदरी पिशवी घेऊन आली. रिकाम्या बाटल्या, वर्तमानपत्रे, टिश्यू. सुदर्शनने रुमालाची नीट घडी केली आणि त्या पिशवीत टाकली.

पूर्वा रडली नाही. तिने बापाचा हात पाहिला, पिशवी पाहिली आणि मुकाट्याने माझ्यावर येऊन बसली. पट्टा तिने स्वतःच लावला.

त्यानंतर मी पाच वर्षे उडाले. गोदाबाई पुन्हा कधी माझ्यावर बसली नाही. मग विमान म्हातारे झाले, भंगारात निघाले आणि आम्ही तिघी बहिणी ट्रकमधून आप्पासाहेबांकडे आलो. इथे बरे आहे. लिलावाला जाताना हमाल माझ्यावर टॉवेल टाकून जातात आणि "धरली बरं का" असे ओरडतात. तो टॉवेल मांजराशिवाय कोणी हलवत नाही.

मित्रांनो, माझ्यावर पाय ठेवा, चघळून झालेला च्युइंगगमचा गोळा चिकटवा, माझा स्पंज उपसा. माझे काही म्हणणे नाही, मी त्यासाठीच आहे. पण तुमच्यासाठी कोणी कधी उभे राहून जागा धरली असेल, तर एवढे करा, तुमची वेळ आली की त्याची जागा धरा.

आणि सुदर्शन कोणाला भेटला, तर त्यालाही माझा निरोप सांगा. म्हणावे, तुझेही गुडघे दुखतील. तुलाही चाकाच्या खुर्चीवरून सगळ्यांच्या आधी आत आणतील आणि तूही दाराकडे बघत बसशील. पूर्वा येईल, पुढच्याच कुठल्यातरी रांगेत बसेल. पोरगी हुशार आहे. जागा कशा निवडायच्या, ते ती माझ्याच मांडीवर बसून शिकली आहे.