नर्सविना दवाखाना

दवाखान्यासाठी रस्त्यालगतची आपली जागा जयदेवने कंपनीला बक्षीसपत्र करून दिली, ती वृंदाच्या शब्दावर. अंबरनाथच्या एका कारखान्यात ती समाजकार्य विभाग सांभाळायची. कंपनी इमारत बांधेल, सरकार नर्स देईल, असं तिने बारवी धरणाजवळच्या जयदेवच्या पाड्यावर सगळ्यांना सांगितलं होतं. तिचा स्वतःचाही त्यावर विश्वास होता.

इमारत झाली. पांढऱ्या फरशा, बाळंतपणाचं टेबल, दारावर कंपनीचं नाव. नर्स मात्र आली नाही. आरोग्य खात्याचं म्हणणं, ही इमारत आमच्या आराखड्यात नाही, तेव्हा पद मंजूर होत नाही. वृंदाने पगार कंपनीकडे मागितला, तर तिचे साहेब उन्मेष म्हणाले, पैसा बांधकामापुरता आहे, दरवर्षीचा खर्च आपण अंगावर घेत नाही. इमारतीला कुलूप लागलं.

दुसऱ्या पावसाळ्यात जयदेवची सून जिज्ञासा घरीच बाळंत झाली. मुलगी झाली, पण रक्त थांबेना. जीपमध्ये घालून तिला बदलापूरला नेलं. दवाखान्याच्या दारात पोचेपर्यंत ती गेली होती.

तिला घेऊन परतताना जयदेवने जीप त्या इमारतीपाशी थांबवली. दगडाने कुलूप फोडलं आणि सुनेला आत नेऊन टेबलावर निजवलं. त्याची बायको काशी तान्ह्या नातीला घेऊन तिथे आली आणि भिंतीला टेकून बसली. अख्खा पाडा बाहेर उभा होता. संध्याकाळी तिथूनच जिज्ञासाला नेलं.

उन्मेषनी वृंदाला पोलिसांत तक्रार द्यायला सांगितलं. बातमी पसरण्याआधी आपली बाजू नोंदलेली बरी, असा त्यांचा हिशेब होता. तिने नकार दिला. मग कंपनीच्या वकिलाने तक्रार दिली आणि जयदेवला चौकीत बोलावलं गेलं.

वृंदा आपण होऊन तिथे गेली. जयदेवने सगळं कबूल केलं होतं. तिने फौजदाराला सांगितलं, "नर्स येईल असं मी यांना सांगितलं होतं. त्यावर यांनी जमीन दिली. माझा जबाब घ्या."

फौजदाराने तिला बसायला खुर्ची दिली, पाणी मागवलं. तो वाईट माणूस नव्हता.

"मॅडम, गुन्हा कुलूप तोडल्याचा आहे," तो म्हणाला. "हे त्यात कुठे लिहू?"

जयदेवला समज देऊन सोडलं. बाहेर काशी नातीला पदराखाली घेऊन उभी होती. वृंदाला तिच्याकडे बघवेना. काहीतरी बोलायला हवं म्हणून तिने पोरीचं नाव विचारलं. अजून ठेवलं नाही, असं काशीने सांगितलं.

जयदेव रिक्षाकडे निघाला होता. तो थांबला.

"बाय, पोरीला लस द्याला तरी कोन येल का?"

  रिक्षा सुटेपर्यंत तो वृंदाकडे बघत राहिला.