वरच्या मजल्यावर एकतीस

मित्रांनो, मी ज्या खोक्यातून या घरात आलो त्यात माझ्यासोबत एक चिठोरी होती. घरातल्या बाबांना छापलेलं काहीही मोठ्याने वाचायची सवय. औषधाच्या बाटलीवरचं, साबणाच्या वेष्टनावरचं, काहीही. त्यांनी ती चिठोरीही वाचून काढली.

"यंत्र पन्नास अंशांपुढे तापवू नये. तापवल्यास आतल्या द्रवाची रेषा तुटते व यंत्र चुकीचे तापमान दाखवते."

आई हातोडी घेऊन स्टुलावर उभी होती. खाली पाळण्यात नुकतीच घरी आणलेली लेक झोपली होती.

"घरात कधी पन्नास होणार आहे का?" आई म्हणाली. "दे तो खिळा. आणि हळू वाच, उठेल ती."

चिठोरी केरात गेली आणि मी भिंतीवर गेलो.

मी म्हणजे भिंतीवर टांगायचा थर्मामीटर. ताप आला की काखेत धरतात तो माझा धाकटा भाऊ. त्याला माणसाच्या अंगातलं कळतं, मला फक्त खोलीतलं. एक लाकडी पट्टी, तिच्यावर काचेची बारीक नळी, तळाशी एक फुगा आणि त्यात लाल रंगवलेलं स्पिरिट, एवढाच माझा संसार. कारखान्यातल्या एका बाईने मला आधी बर्फात बुडवून खूण केली, मग कोमट पाण्यात बुडवून खूण केली, आणि तेव्हापासून मी स्वस्थ बसलेलो नाही. दार उघडलं की हलतो. शेजारी इस्त्री तापली की हलतो. कुणी जवळ येऊन नुसता श्वास सोडला तरी माझं लाल टोक वर सरकतं.

त्या घरात माझ्या जातीचं आणखी एक माणूस होतं. आई. ती दिवसातून कितीदा माझ्यासमोर येऊन उभी राही याला गणती नव्हती. मी जरा खाली गेलो की लेकीच्या अंगावर दुपटं, जरा वर गेलो की दुपटं बाजूला. रात्रीची उठून मला बघे, लेकीला बघे, पुन्हा मला बघे. बाबा म्हणत, "अगं, तुला काळजी करायला काही नाही सापडलं तर तू काळजी हरवली म्हणून काळजी करशील." ती हसे, पण मान माझ्याकडेच. "हा आहे म्हणून माझा डोळा तरी लागतो," असं ती एकदा तिच्या बहिणीला फोनवर सांगत होती. मित्रांनो, एखाद्या काचेच्या नळीला याहून मोठी शाबासकी कोण देणार?

लेक मोठी झाली. तिला सगळे चिंगी म्हणू लागले. ती पळायला लागली, भांडायला लागली, स्वतःचं दुपटं स्वतः फेकायला लागली. मग माझ्याकडे कोण बघतो? माझ्यावर एक कॅलेंडर टांगलं गेलं. त्याच्या मागे अंधारात मी वर-खाली करत राहिलो. कुणी बघत नाही म्हणून थांबायचं हे मला जमत नाही.

चिंगी सातवीत गेली आणि वर्गाच्या बाईंनी गटागटाला एक काम दिलं: पृथ्वी का तापते आहे यावर माहितीपट काढा, पंधरा दिवसांत. चिंगीच्या गटात ती आणि तिची मैत्रीण, दोघीच. मैत्रीण वर्गात सगळ्यांत उंच म्हणून तिचं नाव लंबू. चिंगी दिग्दर्शक, आणि लंबूकडे मोठ्या भावाचा मोबाइल होता म्हणून ती कॅमेरावाली. दोघींनी ताटात बर्फ ठेवला. खेळण्यातल्या तपकिरी अस्वलाला टूथपेस्ट फासून पांढरं केलं. अस्वल बर्फावर उभं करून बर्फ वितळायची वाट बघितली. बर्फ वितळला, अस्वल आडवं झालं, दोघी टाळ्या पिटत नाचल्या.

बाईंनी ते बघितलं आणि एवढंच विचारलं, "उत्तर ध्रुवावर तुमच्यापैकी कोण राहतं?"

कुणीच नाही.

"मग जिथे राहता तिथलं दाखवा."

दोघी तोंड पाडून घरी आल्या. मग चिंगीला वरच्या मजल्याची आठवण झाली. त्यांच्या इमारतीत सगळ्यांत वर, थेट गच्चीच्या खाली, हॅलो मावशी राहायच्या. नोकरीभर टेलिफोनच्या केंद्रात बसून त्यांनी लोकांच्या लाइनी जोडून दिल्या होत्या. दार उघडतानाही त्या "हॅलो" म्हणायच्या, म्हणून हे नाव. एकट्याच. त्यांच्या डोक्यावरचा स्लॅब दिवसभर ऊन पीत असे आणि रात्रभर ते खोलीत ओकत असे. कॅलेंडर बाजूला झालं, मला खिळ्यावरून काढलं आणि मी कितीतरी वर्षांनी जिना चढलो.

मावशींना भलताच आनंद झाला. "थांब गं, केस विंचरून घेते. पृथ्वी तापली म्हणून मी काय झिपरी दिसू?" त्या खुर्चीत ताठ बसल्या. छताकडे हात करून म्हणाल्या, "हा बघा माझा तवा. आणि मी त्याखाली." मी त्यांच्या मागच्या भिंतीवर. लंबूने मोबाइल माझ्याजवळ आणला.

"छत्तीस?" ती म्हणाली. "छत्तीस काय दाखवायचं? माझ्या भावाला परवा याहून जास्त ताप होता."

"लोक जांभया देतील," चिंगी म्हणाली.

मावशींनी चहाचं आधण ठेवलं होतं. लंबूने त्यातलं पाणी पेल्यात ओतलं.

"अगं, खोटं कशाला दाखवता?" मावशी म्हणाल्या. "थोडे दिवस थांबा, खरंच होईल तेवढं."

"तोवर आमची मुदत संपेल, मावशी."

मावशी हसल्या आणि मला पेल्यात बुडवलं गेलं. चाळीस. पंचेचाळीस. मी इतका वर कधी गेलो नव्हतो. पन्नासची खूण मागे पडली आणि नळीच्या अगदी टोकाच्या पोकळीत माझं लाल स्पिरिट धडकलं. "शॉट मिळाला, मिळाला," लंबू ओरडली. मग मला बाहेर काढून फडक्याने पुसलं, आणि खाली उतरताना माझी रेषा तुटली. आवाज झाला नाही. माझा एक तुकडा वर टोकाशी अडकून बसला आणि बाकीचा मी तेवढा बुटका होऊन खाली आलो. कुणाच्या लक्षात आलं नाही. लोक रेषेचं टोक बघतात, त्याच्या वर काय अडकलंय ते कोण बघतं?

"याला इथेच राहू द्या," मावशी म्हणाल्या. "मी तुम्हाला रोज आकडा सांगत जाईन."

आईला ही कल्पना फार आवडली. उन्हाळा चढत चालला होता आणि मावशींची चिंता तिच्या मानेवर बसलेलीच होती. पण मावशींना सारखं कुणी वर आलेलं खपत नसे. "मी काय तुझं दुपट्यातलं बाळ आहे?" असं त्या एकदा तिला सरळ म्हणाल्या होत्या. म्हणून दोघींत ठरलं: आई दुपारी फोन करेल, मावशी माझा आकडा सांगतील, आणि अडतीस झाला की मावशी मुकाट्याने खाली येऊन आईकडे राहतील.

"शब्द?" आईने विचारलं.

"शब्द. माझ्या नोकरीत चुकीचा आकडा कधी दिला नाही मी."

रोज फोन वाजे. मावशी चष्मा लावून माझ्यासमोर येत आणि नोकरीतल्या आवाजात सांगत, "हॅलो, वरचा मजला. तापमान एकोणतीस." कधी तीस. कधी एकतीस. चिंगी ते माहितीपटासाठी लिहून घेई. खोली चाळिशीला टेकली होती, मित्रांनो, आणि मी एकतीस म्हणत होतो. दुपारभर मी जिवाच्या आकांताने वर चढायचो आणि तुटलेल्या तुकड्याएवढा कमी पडायचो. मावशींच्या कपाळावरून घाम गळे. त्या माझ्याकडे बघत, स्वतःकडे बघत आणि पुटपुटत, "एकतीसच तर आहे. मग मलाच काय होतंय? वय झालं, दुसरं काय." त्यांनी पंखा बंद केला. "एकतीसला पंखा लावायला मी काय महाराणी आहे?" बाहेरून झळा येतात म्हणून खिडकीही लोटली. पाण्याचा तांब्या भरलेलाच राहू लागला. मला तोंड असतं तर मी ओरडलो असतो. मला फक्त एक टोक होतं, आणि तेही खोटं.

खाली काय चाललं होतं ते मला नंतर चिंगीच्या बोलण्यातून कळलं. आई दोन दिवस घरात येरझारा घालत होती. "खाली आपल्याला बसवत नाही आणि वर एकतीस? ते कसं?" बाबा म्हणाले, "यंत्र सांगतंय ना? तुझं आपलं काहीतरीच." इतकी वर्षं सगळ्यांनी हसून हसून तिला एवढं शिकवलं होतं की आपल्या जिवाची घालमेल खरी नसते, यंत्राचा आकडा खरा असतो. ती गप्प बसली, पण खाली बसली नाही.

सुट्टीचा दिवस होता. तिने दुपारी फोन केला. "हॅलो," मावशी म्हणाल्या आणि जरा थांबून, "एकतीस." त्या थांबण्यात काहीतरी होतं, ते तिला टोचत राहिलं. दोन्ही मुली लॅपटॉपवर तुकडे जोडत बसल्या होत्या. आई त्यांच्या मागे जाऊन उभी राहिली. पडद्यावर मी दिसलो. छत्तीस.

"हे कधीचं?"

"पहिल्या दिवशीचं," चिंगी म्हणाली.

"तेव्हा तर एवढं ऊन नव्हतं. तेव्हा छत्तीस आणि आज एकतीस?"

लंबूने घाईने पुढचा तुकडा लावला. पडद्यावर वाफाळता पेला आला, पेल्यात मी, आणि माझी रेषा सुसाट वर. आईने मागे वळून बाबांकडे बघितलं. बाबांचा चेहरा उतरला. वाचलेलं ते कधी विसरत नसत.

"रेषा तुटते," ते म्हणाले.

आई अनवाणीच जिन्यावर धावली, तिच्यामागे बाबा आणि दोघी मुली.

दार नुसतं लोटलेलं होतं. मावशी पलंगाच्या कडेला भिंतीला टेकून बसल्या होत्या. केस विस्कटलेले, ओठ कोरडे. कपाळावर आता घाम नव्हता.

"मावशी, मी आले."

"कृपया थांबा," मावशी म्हणाल्या. "आपण मागितलेली लाइन व्यस्त आहे."

"मावशी, माझ्याकडे बघा."

"नंबर बोला."

आईने त्यांच्या कपाळाला हात लावला आणि झटकन मागे घेतला. मग मात्र मी तिचं जे रूप बघितलं ते पाळण्याच्या दिवसांतही बघितलं नव्हतं. येरझारा घालणारी ती बाई जागच्या जागी उभी राहून भराभर हुकूम सोडू लागली. "लंबू, खिडक्या उघड. पंखा लाव. चिंगी, चादरी ओल्या करून आण, पिळू नकोस. अरे, तू दवाखान्याची गाडी बोलाव आधी, मग विचार कुठली ते," हे बाबांना. चिंगी खालच्या फ्रिजमधला होता नव्हता तो बर्फ घेऊन आली. अस्वलाच्या शूटिंगसाठी साठवून उरलेला. आईने तो फडक्यात गुंडाळून मावशींच्या मानेला आणि काखेत लावला. जिन्यावर पावलं वाजेपर्यंत ती एकच बोलत होती, "लाइनवर राहा, मावशी. लाइन सोडू नका."

दवाखान्यातले डॉक्टर आईला म्हणाले, "आणखी थोडा उशीर केला असता तर तुम्ही मला नुसता मृत्यूचा दाखला लिहायला बोलावलं असतं." आईने ते ऐकून घेतलं आणि बाकावर बसून पहिल्यांदा रडली.

मावशी आठवड्याने घरी आल्या. आईने खालच्या खोलीत त्यांची गादी घातली होती. त्या दोन दिवस राहिल्या आणि तिसऱ्या दिवशी पिशवी उचलून वर चालू लागल्या. "माझं घर आहे ते. आणि माझा तो केस विंचरलेला भाग कापू नका हं," असं जिन्यावरून मुलींना सांगत गेल्या. आता त्या पुन्हा वर आहेत. ऊन कमी झालेलं नाही.

मी खाली आलो. आईने मला उजेडात धरून टोकाला अडकलेला लाल तुकडा बराच वेळ बघितला. वाटलं, आता केरात. तिने मला पुसलं आणि लॅपटॉपशेजारी ठेवलं, कारण माहितीपट अजून संपला नव्हता. बाईंनी मुदत वाढवून दिली होती. मित्रांनो, आम्हा यंत्रांना जपून वापरा. आमच्याकडून खोटं वदवून घेऊ नका, आम्हाला ते पचत नाही. पण आम्ही अगदी धडधाकट असलो तरी माणूस आमच्या भरवशावर सोडू नका. माझ्या एका आकड्यावर घरातले सगळे निर्धास्त झाले होते, आणि जी होत नव्हती तिला सगळे हसत होते.

शेवटचं दृश्य आईचं घ्यायचं असं चिंगीने ठरवलं. आई खुर्चीत बसली, उठली, पदर सारखा केला, पुन्हा बसली.

"आई, हलू नकोस ना. तू चौकटीबाहेर जातेस."

"कार्बनचं सांग थोडं," बाबा म्हणाले.

"ते बाईंनी शिकवलंय त्यांना." आईने जिन्याच्या दाराकडे नजर टाकली आणि मग सरळ मोबाइलकडे बघितलं.

"तुमच्या इमारतीत सगळ्यांत वर कोण राहतं? पत्र्याखाली, स्लॅबखाली, एकटं. त्यांना फोन करू नका. फोनवर सगळे बरेच असतात. हे बघणं इथेच थांबवा आणि जिना चढा. दार वाजवा, आत जा, पाणी प्यायला लावा, कपाळाला हात लावून बघा. ते रागावतील, रागावू देत. उठा, मीही निघालेच."