पिवळ्या डोळ्यांची चौकशी

आपल्या मुलाचं ठरलेलं लग्न स्वतः एसटीत बसून जाऊन मोडून येणारी आई नाशिकच्या अख्ख्या सिडकोत शोधून सापडली नसती. पण लताबाई होत्या. मंगळवारी सकाळी त्या चांदवडला उतरल्या, आरोहीच्या आईवडिलांच्या ओट्यावर पाणीसुद्धा न घेता उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "माझा बुद्धभूषण पितो. कळल्यावर गप्प बसणं मला जमणार नाही. तुमच्या मुलीला दुसरं स्थळ बघा."

आरोहीचे वडील निवृत्ती कांद्याच्या चाळीतून हात झटकत आले होते. ते गोंधळून म्हणाले, "ताई, पिताना पाह्यलं का तुम्ही त्याला?"

"डोळे पाहिले," लताबाई म्हणाल्या. "तसले पिवळे डोळे मी अकरा वर्षं पाहिलेत."

आणि पुढची गाडी पकडून त्या परत नाशकात.

त्या अकरा वर्षांचा हिशेब लताबाईंनी कुणाला ऐकवला नव्हता, पण कॉलनीला तो ठाऊक होता. नवरा कामाला वाघ, पण बाटलीपुढे शेळी. आधी डोळे पिवळे झाले, मग पोट फुगलं आणि मग एका पहाटे सरकारी दवाखान्यात सगळं संपलं. लग्नाआधी सासरच्या प्रत्येकाला त्याचं पिणं माहीत होतं, फक्त लताबाईंच्या माहेरी कुणी कळवलं नव्हतं. नवरा गेला तेव्हा पदरात चार वर्षांचा बुद्धभूषण होता. पुढे शाळेत शिपायाची नोकरी करत लताबाईंनी त्याला वाढवलं, विहारातल्या महिला मंडळाच्या अध्यक्ष झाल्या आणि आजूबाजूच्या पिणाऱ्यांची झोप उडवली. पुंजा नावाच्या रिक्षावाल्याच्या तर तीन भरलेल्या बाटल्या त्यांनी त्याच्या देखत मोरीत ओतल्या होत्या. पुंजा तेव्हा ढसाढसा रडला होता, म्हणे.

आता बुद्धभूषण सत्तावीस वर्षांचा, अंबडच्या कारखान्यात मशीन ऑपरेटर. लग्नासाठी रजा साठवायची म्हणून त्यानं महिनाभर डबल ड्युट्या मारल्या. जेवणाच्या नावानं चहा आणि बिस्किटं, झोपेच्या नावानं डुलक्या. एका रविवारी तो अंगणात ब्रश करत होता. तोंडावर ऊन पडलं आणि लताबाईंच्या हातातला तांब्या निसटला. त्याच्या डोळ्यांतला पांढरा भाग चक्क पिवळट दिसत होता.

त्यांनी त्याच्या तोंडाचा वास घेतला. टूथपेस्टचा आला. मग त्यांनी गाडीची डिकी उघडली. त्यात रेनकोट आणि अर्धा पुडा बिस्किटं निघाली. दुसरी कुणी असती तर इथे हुश्श करून बसली असती. लताबाईंचा मात्र संशय पक्का झाला, कारण काहीच न सापडणं हीच त्यांच्या मते मुरलेल्या माणसाची खूण होती.

"आई, अगं मी..." बुद्धभूषणनं सुरुवात केली.

"एक शब्द बोलू नकोस. तुझा बापही अशीच सुरुवात करायचा."

तो गप्प बसला. आईपुढे गप्प बसण्याची त्याला लहानपणापासून सवय होती. चांदवडहून आल्यावर आपण काय करून आलोय ते त्यांनी सांगितलं, तेव्हाही तो फक्त खाली मान घालून बसला. जेवायला मात्र उठला नाही.

लग्न मोडलं तरी मुलगा वाचवायचा होताच. शेजारच्या झुंबरबाईंनी सुचवलं, पेठकडे एक बुवा कावीळ उतरवायची माळ देतो, ती गळ्यात घातली की दिवसागणिक लांब होते. लताबाईंनी त्यांना असं झापलं की झुंबरबाई दोन दिवस गॅलरीत दिसल्या नाहीत. गंडेदोरे आणि माळा? बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात? आम्ही विज्ञानवादी माणसं!

आणि विज्ञान मोबाइलवर हजर होतं. पांढरा कोट घातलेला एक माणूस सांगत होता, सात दिवस अन्नाचा कण घेऊ नका. सकाळी दुधीचा रस, दुपारी कोमट लिंबूपाणी, रात्री धण्याचं पाणी. लिव्हर धुऊन निघतं, सगळं विष बाहेर पडतं. बुवाच्या अंगावर कोट नव्हता, याच्या अंगावर होता, एवढ्यावर लताबाईंनी विश्वास टाकला. आपण सगळे असेच, फक्त प्रत्येकाचा कोट वेगळा.

मुलाला उपाशी ठेवून स्वतः भाकरी मोडायची, हे काही त्यांना जमणार नव्हतं. त्यांनीही दुधीचा पेला तोंडाला लावला. बुद्धभूषणनं नाक दाबून, पण इमानेइतबारे सगळं पाळलं. चोरून वडापाव खाल्ला असता तर बिचाऱ्याचं भलं झालं असतं. चौथ्या दिवशी त्याचे डोळे पिकल्या लिंबासारखे दिसायला लागले.

"विष बाहेर पडतंय," लताबाई समाधानानं म्हणाल्या. तसं त्या व्हिडिओत सांगितलंच होतं.

पाचव्या दिवशी विहारात महिला मंडळाची बैठक होती. कॉलनीच्या तोंडाशी दारूचं नवं दुकान येणार होतं, त्याविरुद्ध अर्ज द्यायचा होता. लताबाई पोटात अन्न नसतानाही पायरीवर उभ्या राहून खणखणीत बोलल्या. ऊन सरळ तोंडावर होतं. रस्त्याच्या कडेला रिक्षा लावून पुंजा ऐकत होता. भाषण संपलं तसा तो पुढे आला.

"जय भीम, ताई. एक विचारू? रागावू नका."

"विचार."

"कोणती घेता?"

"काय कोणती?"

पुंजानं रिक्षाचा आरसा त्यांच्याकडे वळवला. लताबाई वाकून बघायला लागल्या आणि बघतच राहिल्या. आरशातून तेच पिवळे डोळे त्यांच्याकडे बघत होते. मागे कुणीतरी फिस्सकन हसलं आणि मग सगळं मंडळच हसायला लागलं. पुंजा सोडून. तो काळजीनं म्हणाला, "ताई, सोडा हो. मलाही सोडवत नाही, पण तुम्ही तर सोडू शकता."

घरी पोचेपर्यंत बातमी भाचीला कळली होती. राखी, लताबाईंच्या भावाची मुलगी, एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये टेक्निशियन होती. ती रक्त घ्यायचं सामान घेऊनच आली आणि दारातच म्हणाली, "आत्या, तू पितेस का?"

"अगं, लाज वाटत नाही विचारायला?"

"नाही. पितेस?"

"नाही!"

"बरं. मग हेच दादाला विचारलं होतंस?"

लताबाई आठवायला लागल्या. त्यांनी त्याचा वास घेतला होता, डिकी तपासली होती, त्याचं लग्न मोडलं होतं. विचारलं मात्र नव्हतं.

राखीनं दोघांचं रक्त घेतलं, सोनोग्राफी करून घेतली आणि रिपोर्ट आल्यावर दोघांना डॉक्टरांसमोर बसवलं. डॉक्टर बाई तरुण होत्या आणि त्यांना हसू आवरत नव्हतं.

"काळजीचं काही नाही. रक्तातल्या जुन्या पेशी मोडतात, त्यातून पिवळा रंग तयार होतो. लिव्हर तो रोज साफ करून बाहेर टाकतं. तुम्हा दोघांच्या लिव्हरमध्ये ते काम करणारं एन्झाइम जरा निवांत आहे, जन्मापासून. उपास घडला, जागरण झालं, ताप आला की रंग साचतो आणि डोळ्यांत दिसतो. याला गिल्बर्ट सिंड्रोम म्हणतात. बऱ्याच लोकांना असतो, त्यांना पत्ताही नसतो. यावर औषध नाही, कारण गरजच नाही. फक्त वेळेवर जेवा, आणि कुठलंही औषध घेताना डॉक्टरांना हे सांगत जा."

"आणि तो दुधीचा रस?"

"लिव्हर धुवायला बाहेरून काही लागत नाही, काकू. ते स्वतःच दिवसभर धुणं धूत असतं. तुम्ही दोघांनी उपाशी राहून हा पिवळेपणा वाढवलात."

लताबाईंनी पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. "डॉक्टर, हा दारूनं नाही?"

"नाही. दारूनं लिव्हर बिघडतं तेव्हा बाकीचे आकडे चढतात. तुमचे दोघांचेही नॉर्मल आहेत. हे जनुकांतून येतं. एक वाटा आईकडून लागतो, एक वडिलांकडून."

"म्हणजे बापाकडूनही काही आलंय याला?"

"हो, हा एक वाटा."

"एवढंच?"

"या रिपोर्टात तरी एवढंच दिसतंय," डॉक्टर म्हणाल्या.

लताबाई तिथेच रडायला लागल्या. तेवीस वर्षं त्या मुलाच्या प्रत्येक पावलात नवऱ्याचं पाऊल शोधत आल्या होत्या. बुद्धभूषणनं त्यांच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हणाला, "आई, आता जेवू या का? मला काहीच दिसत नाहीये भुकेनं."

दुसऱ्या दिवशी पोटभर न्याहारी करून लताबाईंनी पुन्हा चांदवडची गाडी पकडली. या वेळी आरोही घरातच होती. तिथल्याच शाळेत शिकवायची, हाताला खडूची पांढरी भुकटी तशीच होती. लताबाईंनी सगळं सांगितलं, दुधीपासून पुंजापर्यंत. निवृत्ती हसून हसून खाली बसले. "लयच झालं हे, ताई!"

"हसा," लताबाई म्हणाल्या. "पण मी तुमच्याशी खोटं बोलले, ते माफ करा. आणि पोरी, तू दुसरं स्थळ बघितलं असशील तर ती चूक माझी."

"नाही बघितलं," आरोही म्हणाली. "तुम्ही आलात त्याच संध्याकाळी मी त्यांना फोन केला होता. विचारलं, पिता का? ते म्हणाले, नाही. मी म्हटलं, ठीक आहे."

"आणि तू विश्वास ठेवलास? एका फोनवर?"

"विचारलं होतं ना, काकू. मग उत्तर ऐकायला नको?"

लताबाई ओट्यावर टेकल्या. त्यांना लाज वाटली, तिच्याहून जास्त आनंद झाला, आणि दोन्हींचं एकदम काय करावं ते कळेना. त्यांनी पिशवीतून फोन काढून मुलाला लावला. मागे मशीनचा खडखडाट ऐकू येत होता.

"बुद्धभूषण, एक विचारायचंय. तू पितोस का रे?"

"आई, अगं काल रिपोर्ट आलाय की आपला."

"मी रिपोर्टला नाही विचारत. तुला विचारतेय."

मशीनचा आवाज थांबला. त्यानं बटण दाबलं असावं. बराच वेळ पलीकडून काही आलं नाही, आणि लताबाईंनी या खेपेला मध्ये एक शब्द घातला नाही.

"नाही, आई," तो म्हणाला. "कधीच नाही."

"बरं," लताबाई म्हणाल्या.