नातीचं ऊन

साडेनऊ वाजले तरी बाबांच्या खोलीतल्या डबीचा निरोप आला नव्हता. डबी काड्यापेटीएवढी, खिडकीत ठेवलेली. वर नखाएवढं सोलर पॅनेल आणि आत मी तीन वर्षं डोळे फोडून बनवलेली चिप. मिळेल त्या उजेडातून वीज वेचायची, पुरवून पुरवून वापरायची आणि खोलीत माणसाची हालचाल दिसली की दिवसा तासाला एकदा माझ्या फोनवर 'सगळं ठीक' म्हणून कळवायचं, एवढंच तिचं काम. बाबा एकटे राहतात. सोबतीला बाई ठेवू म्हटलं तर अंगावर येतात. डबी मात्र त्यांनी लगेच घरात घेतली. तिला ते 'नात' म्हणतात. मी लग्न केलं नाही, त्याचा हा टोमणा.

रोज सातला पहिला निरोप येतो. आज सात नाही, आठ नाही, नऊ नाही. फोन लावला तर उचलत नव्हते. पण आंघोळीला गेले की तासभर त्यांना जगाची शुद्ध नसते.

"विजेचा साठा संपला असेल," ऑफिसात माझ्या शेजारी बसून चिपचे नकाशे आखणारा लेआउटवाला स्क्रीनवरची नजर न काढता म्हणाला. "झोपली असेल गुपचूप. तूच तशी बनवलीयेस ना?"

खरं होतं. साहेबांचं म्हणणं होतं, झोपण्याआधी चिपने 'मी झोपते' एवढं तरी सांगावं. एका निरोपाच्या विजेत ती पाच तास जागी राहते, असं मी भर मीटिंगमध्ये त्यांना सुनावलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. केवढी फुशारले होते मी!

आकडेमोड केली. कालचा दिवस ढगाळ, म्हणजे साठा पहाटे पाचलाच संपणार. मग पडदा उघडेपर्यंत ती मुकी. हिशोब चोख बसला, तसा माझा जीव भांड्यात पडला. चहा ओतला, कप तोंडाला लावला आणि हात तिथेच थांबला.

पण पडदा का नाही उघडला? नात आल्यापासून बाबा सहाला उठून आधी पडदा सारतात. "पोरगी उपाशी असते," म्हणतात. चार महिन्यांत एक दिवस चुकलेला नाही. उजेड नाही म्हणजे वीज नाही, एवढंच मी बघत बसले होते. उजेड नाही म्हणजे बाबा उठलेच नाहीत, हे माझ्या टाळक्यात शिरायला अडीच तास लागले.

गाडी कशी हाकली ते आठवत नाही. माझ्याजवळच्या किल्लीने दार उघडलं. खोलीत अंधार. पलंग आणि खिडकीच्या मधे बाबा जमिनीवर पडले होते, एक पाय भलताच वळलेला. डोळे उघडे होते. मी रुग्णवाहिका बोलावली आणि मग रडू फुटलं.

"पडदाच उघडायला निघालो होतो," ते कोरड्या ओठांनी पुटपुटले. "पाय सटकला. आधी तो पडदा सार बघू. सकाळपासून उपाशी आहे ती."

मी पडदा सारला. त्यांचा गार हात हातात घेऊन शेजारी बसले. डबीवर लख्ख ऊन पडलं होतं. दहा मिनिटांनी फोन वाजला. रुग्णवाहिकेवाला असेल म्हणून झडप घातली.

'सगळं ठीक.'

"बोलली का?" बाबांनी विचारलं.

"बोलली," मी म्हणाले, आणि फोन जमिनीवर पालथा घातला.