आईसमोर सांगितलेलं स्वप्न

अर्पिता तुरीच्या प्लॉटमध्ये पडली तेव्हा तिच्या हातात चिमटा होता. संकराचं प्रात्यक्षिक चालू होतं. उमलण्याआधीच तुरीची कळी उघडून आतले पुंकेसर काढायचे, असं ते बारीक काम. ऑक्टोबरचं ऊन होतं, म्हणून सगळ्यांना वाटलं ऊन लागलं. डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, रक्त तपासलं. सगळं ठीक निघालं. तेव्हा तिची रूममेट भार्गवी रेक्टर मॅडमना म्हणाली, "तिला आजार नाहीये. ती झोपतच नाही."

भार्गवीला हे महिनाभर माहीत होतं. अर्पिता रात्र काढायला कपडे धुवायची, गार पाण्याच्या बादलीत पाय सोडून पुस्तक वाचायची. डोळा लागलाच तर थोड्या वेळात ताडकन उठून बसायची, ओठ घट्ट मिटलेले. ओरडायची नाही. जालन्यात बँक अधिकाऱ्याच्या घरी वाढलेल्या भार्गवीला ते ओरडण्यापेक्षा भयंकर वाटायचं.

बदनापूरच्या कृषी महाविद्यालयाच्या त्या वसतिगृहात वाईट स्वप्नांचं कुणाला नवल नव्हतं. परीक्षा जवळ आली की सकाळी मेसमध्ये पोह्यांबरोबर स्वप्नं निघायची. कुणाच्या हॉल तिकिटावर भलत्याच मुलीचा फोटो, कुणाच्या हातातला पेन वितळलेला. "मला तर सर तोंडी परीक्षेला नवरदेव बनून आलेले दिसले," एक जण म्हणाली, आणि सगळं टेबल हसलं. अर्पिता अशा वेळी ताट घेऊन उठायची.

रेक्टर मॅडमनी तिच्यापुढे दोन रस्ते ठेवले. दर गुरुवारी समुपदेशनाला येणाऱ्या शरयू मॅडमशी बोलायचं, नाहीतर घरी जायचं आणि हे सत्र पुढच्या वर्षी पूर्ण करायचं.

शरयू मॅडमनी उपाय सरळ सांगितला. "तेच स्वप्न रोज पडतं, म्हणजे मनाची ती पायवाट झाली आहे. ते दिवसा, जागेपणी पूर्ण सांगायचं. मग शेवट आपण बदलायचा आणि बदललेला शेवट रोज मनात घोळवायचा. पुष्कळ जणांचं स्वप्न हळूहळू नवी वाट धरतं. सगळ्यांचं धरतं, असं मी म्हणणार नाही."

"शेवट बदलते मी," अर्पिता म्हणाली. "पण सांगणार न्हाई."

"का?"

"सांगितलं की खरं होतं."

त्याचं कारण तिनं भार्गवीला नंतर खोलीत सांगितलं. ती सातवीत होती. घनसावंगीजवळच्या त्यांच्या गावात सकाळी घरचे सगळे चहा पीत असताना ती म्हणाली, रात्री राजानंदकाका पांढऱ्या कपड्यात रस्त्यावर झोपलेले दिसले. पंधरवड्यात काका मोटारसायकलवरून पडून वारले. तिच्यावर कुणी हात उगारला नाही. पण काकू तिच्याशी वर्षभर बोलल्या नाहीत, आणि आईनं देवासमोर उभं करून तिच्याकडून वदवून घेतलं की आता कुठल्याच माणसाला स्वप्न सांगायचं नाही.

"एवढंच समज," ती भार्गवीला म्हणाली, "मी तोंड उघडलं तर एक माणूस जाणार. त्यापरीस डिग्री गेलेली बरी."

पुढच्या गुरुवारी तिची आई उषाबाई तिला न्यायला आल्या. जीप, एसटी, पुन्हा जीप करत आल्या होत्या. गादी बांधायला सुतळीचं बंडल पिशवीत आणलं होतं. शरयू मॅडमनी त्यांना बियाणं तपासणीच्या खोलीत बसवलं. अर्पितानं भार्गवीचा हात सोडला नाही, म्हणून तीही आत राहिली.

"काकू, तिनं सांगितलं तर तिला बरं वाटेल," भार्गवी म्हणाली. "पण तुम्ही शपथ घातलीय ना."

"घातली. बराबर घातली. तुमच्या शहरात स्वप्नं खोटी असतील, बाई. आमच्या घरातला माणूस गेला."

शरयू मॅडमनी वाद घातला नाही. "शपथ मोडा असं मी म्हणत नाही. तुम्ही तिला खुशाल घरी न्या. फक्त तिथंही ती झोपणार नाही, हे धरून चाला."

उषाबाईंनी मुलीकडे पाहिलं. डोळ्यांखालचं काळं, सुकलेले ओठ, सगळं सावकाश पाहिलं.

"कोण हाय त्यात? तुझा बाप?"

अर्पितानं मान हलवली. नाही.

"पप्पू?"

तिचा थोरला भाऊ. पुन्हा नाही.

"मंग मीच."

या वेळी अर्पिताची मान हलली नाही.

उषाबाईंनी पदर सोडला आणि पुन्हा नीट खोचला. आपल्या आईनं असं ऐकलं असतं तर ती हसली असती, भार्गवीच्या मनात आलं. ही बाई हसत नव्हती. तिचा यावर पुरा विश्वास होता. तिच्या दृष्टीनं तिचं मरण त्या खोलीत आलेलं होतं, आणि ती स्टूल पुढे ओढून त्याच्यासमोर बसली.

"माझं हाय तर मलाच सांग. दुसऱ्या कुणाचं असतं तर न्हाई म्हणले असते."

"आई, नको."

"सांग म्हणते ना. जल्दी सांग, परत जायचंय मला."

अर्पितानं सांगितलं. ऊस चारी बाजूंनी पेटलेला आहे. आई आत आहे, हाका मारते आहे. अर्पिता बांधावर उभी, पाय मातीत रुतलेले, तोंडात पाचट कोंबलेलं, त्यामुळे तिला ओ देता येत नाही. हाका लहान होत जातात. मग थांबतात.

कुणी पत्ता सांगावा आणि आपण लक्ष देऊन ऐकावं, तशा उषाबाई ऐकत होत्या.

"कोणत्या वावरात?"

"विहिरीकडच्या."

"तिथं यंदा कापूस हाय."

"स्वप्नात ऊसच असतो."

"असू दे. साडी कोणती माझी?"

"हिरवी. काठाची."

"ती तर गेल्या दिवाळीला तुझ्या मामीला दिली. मंग मामीच असंल ती."

अर्पिताला रडता रडता हसू फुटलं.

"आन् त्या वावरातून पाट जातो, तो कुठं गेला?" उषाबाईंचा आवाज चढला. "जाळ दिसला की मी पाटात उतरणार, वाकून वाकून खालच्या बांधाला निघणार. उभी राहून हाका मारायला मी काय येडी हाय?"

"हाच शेवट घेऊ या," शरयू मॅडम हळूच म्हणाल्या.

उषाबाई एकट्याच परतल्या.

दुसऱ्या दिवसापासून अर्पिता दुपारी डोळे मिटून तो शेवट भार्गवीला मोठ्यानं सांगू लागली. आई पाटात उतरते, वाकून चालते, खालच्या बांधावर येते. सकाळी उठल्या उठल्या घरी फोन.

"आई?"

"हाय जिवंत. भाकरी करून राह्यले. ठेव आता."

एकदा फोन पप्पूनं उचलला. "आईचं काय बिनसलंय गं? मला भाकरी थापायला शिकवून राह्यली. पेटीची चावी कुठं असती, तेबी दाखवली."

अर्पितानं फोन ठेवला आणि कितीतरी वेळ खिडकीशी उभी राहिली. भार्गवीलाही उमगलं. मुलीला झोप लागावी म्हणून ती बाई घर आवरून, तयारीनं बसली होती आणि रोज सकाळी फोनवर चिडचिड करत होती.

पंधरवडा उलटला. उषाबाईंना काही झालं नाही. स्वप्न मात्र तसंच येत राहिलं, मग एक दिवसाआड येऊ लागलं. अर्पिता वर्गात पेंगेनाशी झाली.

मग एका सकाळी भार्गवी उठली तेव्हा खोलीत ऊन आलं होतं आणि अर्पिता अंथरुणात बसून फोन लावत होती. स्पीकर चालू होता.

"आई, पडलं पुन्हा."

"सांग."

"ऊस जळत होता. तू हाका मारत होतीस. पाट कोरडा पडल्ता."

"मंग?"

"मंग मी आत आले."

भार्गवीला तो शेवट शब्दन्‌शब्द पाठ होता. त्यात अर्पिता कायम बांधावर उभी असायची. तिनं आत जायचं, हे कुणी सुचवलं नव्हतं. पुढे शरयू मॅडमना विचारलं तेव्हा त्याही म्हणाल्या, हे मी शिकवलेलं नाही.

फोनमधला भाकरी थापण्याचा आवाज थांबला.

"जाळात आलीस?"

"हो. तुझा हात धरला. मंग दोघी निघालो."



"पाय भाजले का गं तुझे?"

अर्पितानं पांघरुणातून पाय बाहेर काढले. एक तळवा पाहिला, मग दुसरा. भार्गवीनंही वाकून पाहिलं.

"न्हाई," अर्पिता म्हणाली.