माझी उभी बाजू

मित्रांनो, टेबलाला कोणी वय विचारत नाही. रंग बघतात आणि ओळखतात. माझा हिरवा रंग कडांना उडालाय, मधली पांढरी रेघ पुसट झालीय, आणि एका कोपऱ्यावर कोणीतरी गरम भांडं ठेवल्याचा गोल डाग आहे. मी टेबल टेनिसचं टेबल. एका वसाहतीच्या तळघरात, जिन्याखालच्या लांबट खोलीत माझा मुक्काम आहे. वर एकच खिडकी. तिच्यातून अंगणातल्या मुलांचे फक्त पाय दिसतात.

मला एका सुतारानं घडवलं. एकाच मापाच्या दोन फळ्या त्यानं रंधून रंधून अशा गुळगुळीत केल्या की माशी बसली तर घसरावी. मग तो चेंडू टाकून बघायचा. टप्पा सगळीकडे सारखा उठला पाहिजे. जिथे शंका येई तिथे माझ्यावर कान ठेवून ऐकायचा. त्याची बायको चहा घेऊन आली की दारातच थांबायची. म्हणायची, "अहो, टेबल करताय की त्याची छाती तपासताय?"

"आतून पोकळ निघालं तर लोक मला हसतील," तो म्हणायचा.

"आणि चहा गार झाला तर मी रडेन, त्याचं काय?"

त्या दोन फळ्या बिजागऱ्यांनी जोडून मी उभा राहिलो. माझी एक बाजू दुमडून भिंतीसारखी उभी करता येते. एकट्या माणसानं तिच्यावर चेंडू मारावा, ती तो परत देते. ही सोय सरावासाठी होती, मित्रांनो. मुक्कामासाठी नव्हती.

पहिली बरीच वर्षं मी एका कारखान्याच्या विश्रांतीच्या खोलीत काढली. जेवणाची सुट्टी झाली की डबे अर्धवट टाकून लोक धावत यायचे. पैज एकच: हरेल त्यानं सगळ्यांच्या बाटल्या भरून आणायच्या. खेळ रंगला की भोवतीच्या बायका टाळ्यांवर म्हणायच्या,

*एक टप्पा माझ्या दारी,*
*दुसरा टप्पा तुझ्या दारी,*
*चुकेल त्याची पाण्याची बारी!*

मोठे साहेबसुद्धा हरले की बाटल्या काखेत मारून नळाकडे निघत. मला पुसायला मऊ फडकं होतं. "आपलं टेबल" असं सगळे म्हणायचे. मग कारखान्यात निळ्या रंगाचं नवं टेबल आलं आणि माझी रवानगी या वसाहतीत झाली. पहिले काही दिवस तेव्हाची मुलं आली. हळूहळू माझ्यावर रिकामी खोकी आली, कोणाचा मोडका पंखा आला, रंगाचे डबे आले. शेवटी जागा अडते म्हणून कोणीतरी माझी एक बाजू उभी केली, खिट्टी लावली आणि विसरून गेलं. खिट्टीला गंज चढला. मी अर्धा उभा, अर्धा आडवा असाच राहिलो. हाल म्हणावेत असं काही नव्हतं. नुसतं शांत होतं.

त्या शांततेत एका संध्याकाळी ती आली. असेल तेराएक वर्षांची. तिनं रंगाचे डबे खाली उतरवले, ओढणीनं धूळ पुसली, पिशवीतल्या दोन बॅटींतली एक काढली आणि माझ्या उभ्या बाजूवर पहिला चेंडू मारला. टक, टक. मी परत दिला. टक, टक. मला किती बरं वाटलं, काय सांगू! जिन्यावरून हाक येई, "खारू, जेवायला ये गं!" म्हणून तिचं घरातलं नाव मला कळलं. लहानपणी म्हणे ती खारीसारखी तुरुतुरु पळायची.

खारूची आई रुग्णालयात परिचारिका. नोकरीसाठी मायलेकी या गावात आल्या होत्या. वडिलांची नोकरी जुन्या गावी होती, ते सुट्टीला येत. खारूची जुनी शाळा मागे राहिली, जुनी वाडी मागे राहिली, आणि जिच्याबरोबर रोज घरी परतायचं ती मैत्रीणही मागे राहिली. पहिले काही दिवस मैत्रिणीचा फोन रोज यायचा. मग दिवसाआड. मग नुसते हसरे चेहरे. भांडण झालं नव्हतं. दोन गावांत दोन वेगळे दिवस उजाडत होते, एवढंच.

इथल्या मुलांच्या जोड्या तर आधीच जमलेल्या. त्यांचे जुने विनोद होते. एकानं "बादली!" म्हटलं की बाकीचे पोट धरून हसायचे. खारू शेजारी उभी राहून थोडं उशिरा हसायची. बादलीचं काय झालं होतं, हे विचारायला तिला लाज वाटे. मुलं दुष्ट नव्हती बरं का. त्यांना वाटे, हिला माहीतच असेल. आपण आत असलो की दार बाहेरून कसं दिसतं ते आपल्याला कुठे कळतं?

एकदा तर फार छोटी गोष्ट झाली आणि तिनं फार मोठं काम बिघडवलं. वसाहतीतला एक मुलगा, ज्याला सगळे बडबड्या म्हणत, एका मुलीला घेऊन खाली आला. खारूचा खेळ थोडा वेळ बघून तो म्हणाला, "ए, भारी मारतेस की! दे ना बॅट, मी पण बघतो."

खारूनं बॅट त्याच्या हातात दिली. चेंडू दिला. आणि पाठ फिरवून जिना चढून निघून गेली. तिला वाटलं, आता यांना टेबल हवंय, म्हणजे आपण निघावं.

बडबड्या बॅट हातात धरून तसाच उभा. त्याच्याबरोबरची मुलगी म्हणाली, "बघितलंस? किती भाव खाते!"

"जाऊ दे," बडबड्या म्हणाला. "भिंतीची मैत्रीण ती. माणसं नकोत तिला."

बॅट माझ्यावर ठेवून तीही दोघं गेली. मी सगळं ऐकलं होतं, पण टेबलानं कोणाला काय सांगावं?

त्यानंतर खारू रोज यायची आणि रोज एकटीच खेळायची. तिचा हात जोरकस झाला. माझी उभी बाजू कधी दमत नाही, कधी चुकत नाही, कधी रुसत नाही. जेवढ्या जोरानं द्याल तेवढ्या जोरानं परत. पण मी "वा!" म्हणू शकत नव्हतो. तिचे डोळे कशानं सुजलेत हे विचारू शकत नव्हतो. टप्पा सोडून माझ्याकडे द्यायला दुसरं काही नव्हतं.

जिन्यात मायलेकींचं बोलणं कानावर यायचं.

"आज कोण कोण होतं गं खेळायला?"

"होते सगळे."

"मजा आली?"

"खूप."

आईचा थकलेला आवाज तेवढ्यानं हलका व्हायचा. "चला, तुझं बस्तान बसलं. माझ्या जिवावरचं ओझं उतरलं बघ."

ताप आला तर मुलं सांगतात. कपाळाला हात लावला की कळतो, मोजायला नळी असते. पण एकटं वाटतंय हे कसं सांगायचं? कुठे दुखतं म्हणून दाखवायचं? आणि सांगितलं तर ज्याला सांगू तोही दुःखी होईल. म्हणून पुष्कळ मुलं "खूप मजा आली" म्हणतात आणि दप्तर ठेवतात.

अशाच एका संध्याकाळी टकटक चालू असताना जिन्यावर वेगळी पावलं वाजली. आईची सुट्टी लवकर झाली होती. हातात भली मोठी कागदी पिशवी. तिच्यात बिस्किटांचे पुडे, लेकीच्या सगळ्या मित्रमैत्रिणींसाठी. दारातूनच ती हसत म्हणाली, "कुठे आहे तुमची फौज? बघू तरी एकदा!"

खारूचा चेंडू सुटला आणि घरंगळत खोक्यांखाली गेला.

"आत्ताच गेले सगळे."

"सगळे?"

"हो. अभ्यास आहे त्यांना."

नेमका त्याच वेळी खिडकीबाहेर गलका झाला. पाय इकडून तिकडे धावले. "आउट! आउट!" असा बडबड्याचा आवाज आला. आईनं खिडकीकडे पाहिलं. मग माझ्या उभ्या बाजूकडे पाहिलं. तिच्यावर चेंडूच्या ठशांचा एवढा मोठा पांढरा डाग पडला होता, आणि माझ्या पलीकडच्या जमिनीवर धुळीचा थर होता. त्या धुळीत एकाही पावलाचा ठसा नव्हता.

आई खोक्यावर बसली. पिशवी मांडीवर.

"कोणीच नसतं," खारू म्हणाली. आईकडे बघून नाही, माझ्याकडे बघून. "पहिल्यापासून कोणी नव्हतं."

"मग मला का नाही सांगितलंस, राणी?"

"तू किती दमून येतेस. आणि मी 'खूप मजा' म्हटलं की तू हसायचीस."

आई बराच वेळ पिशवीच्या दोरीशी चाळा करत राहिली. मग म्हणाली, "आता माझं ऐक. मी तुला सांगते ना, कामावरच्या बायका फार छान आहेत म्हणून? त्या चांगल्या आहेत. पण जेवायला मला अजून कोणी हाक मारत नाही. मी डबा घेऊन औषधांच्या खोलीत बसते."

"म्हणजे तू पण खोटं बोलत होतीस?"

"तुझीच आई मी!"

खारूला हसू आलं आणि त्याच्या मागून रडूही आलं. दोन्ही एकदम आलं की चेहऱ्याचं काय होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. आईनं तिला जवळ घेतलं, डोळे पुसले, नाकही पुसलं. मग पदर खोचला.

"पाड ती भिंत खाली. मी खेळते."

"तुला येतं?"

"नाही. म्हणूनच पाड."

दोघींनी जोर लावला. खिट्टी हलेना. आईनं पर्समधून हाताला लावायच्या मलमाची डबी काढली आणि अर्धी डबी माझ्या बिजागऱ्यांना चोपडली. तरी नाही. एकीनं फळी पेलायची, एकीनं खिट्टी ओढायची, तर दुसरी बाजू कोण धरणार? सोडली तर बोटं चेचतील. आई खिडकीखाली खोक्यावर चढली आणि तिनं वॉर्डातल्या आवाजात हाक मारली, "अरे पोरांनो! दोन हात कमी पडतायत, या बरं!"

पाय थबकले. मग जिन्यावर धबधब आवाज झाला. बडबड्या पुढे, बाकीचे मागे.

"काय करायचंय, काकू?"

"हे खाली पाडायचंय."

"हे खाली येतं?" बडबड्याचे डोळे विस्फारले. "आम्हाला वाटलं हे असंच असतं! एकट्याचंच!"

चौघांनी फळी धरली, आईनं खिट्टी उपटली, आणि मी मोठ्यानं कण्हत आडवा झालो. सगळा, पुरता. पोरांनी आरोळी ठोकली.

आईचा खेळ बघण्यासारखा होता. बॅट एकीकडे, चेंडू भलतीकडे. चेंडू आणायला सगळे खोक्यांखाली घुसत होते, हसत होते. बिस्किटांचे पुडे फुटले. मग खारूसमोर बडबड्या उभा राहिला आणि तिनं रोजच्या सवयीनं चेंडू सणसणीत हाणला. तो त्याच्या कानाजवळून गेला.

"अगं ए, जीव घेतेस का! मी काय भिंत आहे?"

खारू ओशाळली. "हळू मारू?"

"मार ना हळू. मला येतंय कुठे!" मग बॅट फिरवत, तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "त्या दिवशी बॅट देऊन पळालीस का? मी 'दोघं खेळू' म्हणणार होतो."

"मला वाटलं, मी जावं असं तुम्हाला वाटतंय."

"आम्हाला वाटलं, तुला आम्ही नकोय."

बडबड्यानं चेंडू शोधून तिच्याकडे टाकला. मग मागून एक बारका आवाज आला, "तुमचं झालं असेल तर सर्व्हिस करा की! आमची पण पाळी आहे."

मित्रांनो, त्या दिवसानंतर सगळं गोड झालं असं मी सांगणार नाही. दुसऱ्याच दिवशी खारू खाली आली तेव्हा खोली रिकामी होती. ती माझ्यापाशी उभी राहिली. माझी बाजू पुन्हा वर उचलायला तिनं कडेला हातही घातला. मग हात काढला, खोक्यावर चढली आणि खिडकीतून हाक मारली, "येता का कोणी?" आवाज फाटला. कोणी आलं नाही. ती तशीच थांबली, घसा खाकरला आणि पुन्हा हाक मारली. या वेळी बडबड्या आला, तोंडातला घास चावत. "अगं, जेवू तरी देशील का नाही!"

माझ्यासाठी मागणं थोडंच आहे. माझ्यावर खोकी ठेवू नका. बिजागऱ्यांना अधूनमधून तेल द्या. आणि कुठे एकाच बाजूनं टकटक ऐकू आली, तर आत डोकावा आणि समोर जाऊन उभे राहा. खेळ येत नसला तरी चालेल. चेंडू आणून द्यायलाही माणूस लागतं.